मॅगव्हीलवरचं शिसं

राघोशेठची नवी लाल गाडी माझ्या टायरच्या गाळ्यासमोर उभी राहिली तेव्हा ठाण्यातला सगळा कोलशेत रोड तिच्या अंगाकडे बघत होता. दोन दरवाजे, जमिनीला टेकलेलं पोट, फॉरेनहून बोटीतून आलेली. रिक्षावाले रिक्षा थांबवून बघत होते, कंपनीतून सुटलेले लोक सायकलवरून उतरून बघत होते. मी खाली बसलो, चाकात बघितलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "शी! काय ही घाण!"

मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूचं भारी चाक, चांदीसारखं चकचकीत, आणि त्याच्या आत शिशाच्या वजनांचा नुसता उकिरडा. चाक फिरताना थरथरू नये म्हणून हलक्या बाजूला शिशाची पट्टी चिकटवतात, तेवढंच ते काम. कुठे किती लावायची ते मशीन सांगतं. पण ज्याने हे केलं होतं त्याला मशीनचं ऐकायला वेळ नव्हता. एक पट्टी वाकडी, तिच्यावर दुसरी, समोरच्या बाजूला तिसरी, म्हणजे पहिलीचं वजन तिसरीने मारलं! वर डिंकाचे ओघळ. एका चाकाला तर पत्र्याच्या चाकाचं क्लिपवालं वजन हातोडीने ठोकलेलं, काठाचा टवका उडवून. अरे, सुताराच्या हातगाडीला कोणी असं करणार नाही! वरून कीर्तन, आतून तमाशा.

"शेठ, हे कुठल्या गाढवाने केलं?"

"मुंबईच्या शोरूमवाल्याने," राघोशेठ म्हणाले. "आतलं कोण बघतो रे? तू फक्त थरथर घालव. ऐंशीच्या वर गेली की स्टीअरिंग हलतं. उद्या बिल्डरला शेजारी बसवून घोडबंदर रोडने न्यायचाय."

आतलं कोण बघतो! हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की कोणी बोललं की हातातला पाना फेकून मारावासा वाटतो. पण राघोशेठना फेकून मारता येत नव्हता. माझा गाळा त्यांच्या जागेत होता. आमच्यात कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. त्यांनी नाक्याजवळचं शेत बिल्डरला दिलं तेव्हा रस्त्याकडेचा हा तुकडा ठेवून घेतला आणि मला म्हणाले, "कान्हा, तू गावातला, कर धंदा." मी फरशी फोडून बॅलन्सिंगचं मशीन सिमेंटमध्ये रोवलं. शेठच्या मनात आलं तर ते मशीन उपटायला लागलं असतं, आणि ते ठेवायला आमच्या कोळीवाड्यातल्या घरात जागा नव्हती.

तर चारही चाकं उतरवली. जुनं सगळं शिसं खरवडून काढलं, रॉकेलने डिंक पुसला, टायरच्या खाचांतले खडे काढले. मग एकेक चाक मशीनवर चढवलं. माझं लावणं म्हणजे बघत राहावं! पट्टी सरळ, काठाला समांतर, बोट फिरवलं तर कुठे अडकणार नाही.

शेठबरोबर त्यांचे वडील आले होते, गोविंदाबाबा. नव्या गाडीत बसायला मिळतंय म्हणून आले असतील, किंवा घरात कोणी बोलत नाही म्हणून. शेठ एसटीडी बूथवर फोन करायला गेले, आणि बाबा माझ्या टायरांच्या ढिगावर बसले. सत्तरी उलटलेली, पण दंड अजून घट्ट. आधी मिठागरात राबले, मग शेतात, आणि संध्याकाळी खाडीवर पाग टाकायचा, हा त्यांचा जन्मभराचा क्रम. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. कडेला शिशाचे मणी असतात, त्यांच्या भाराने ते बुडतं. माझा बापही पाग टाकायचा. आता खाडीत कंपन्यांचं पाणी सुटतं, मासा सापडला तर रॉकेलचा वास मारतो. तरी बाबा जायचे. शेठना त्याची भारी लाज. बंगल्यावर मोठमोठी माणसं बसलेली असताना बाप गुडघाभर चिखलाने येतो, हातात चार मासे, बोयटं! "इज्जतीचा पार कचरा करतो म्हातारा," असं ते माझ्याच गाळ्यात उभं राहून बोललेले.

मी खरवडलेलं शिसं पत्र्याच्या थाळीत टाकत होतो. बाबांनी त्यातलं एक उचललं, दाताखाली चेपून बघितलं.

"ह्या टाकतंस कनाला?"

"कचरा आहे तो, बाबा. घाण नुसती! नव्या गाडीला असलं चिकटवून ठेवलेलं. न्या तुम्ही, माझ्या डोळ्यांसमोरून जाऊ दे."

"कचराच हाय ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"शंभर टक्के कचरा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाबांनी थाळी धोतराच्या ओच्यात रिकामी केली. मी माझ्या सफाईच्या तोऱ्यात होतो. ह्यातलं कुठलं शिसं कचरा आणि कुठलं कामाचं, हे समजावून सांगायचं मला सुचलंही नाही.

तो शनिवार. सोमवारी सकाळी शेठ आले ते ब्रेक करकचून दाबतच.

"हरामखोर! बिल्डरसमोर अब्रू घालवलीस माझी! आधी थरथरत होती, आता नाचतेय गाडी! तो म्हणतो, शेठ, उतरवा मला."

"शेठ, माझं काम..."

"तुझं काम गेलं खड्ड्यात. संध्याकाळपर्यंत मशीन उचल. नौपाड्यातला एक टायरवाला ह्या जागेच्या मागे लागलाय, त्याला देतो."

मी पटकन खाली बसलो. चाकात हात घातला, आतून बोट फिरवलं. वजन नाही. दुसऱ्या चाकात, नाही. चारही चाकांत नाही. नुसते चिकट चौकोन, आणि सुरीच्या टोकाचे बारीक ओरखडे.

"शेठ, वजनं कोणीतरी काढलीत."

"माझ्या बंगल्याला गेट आहे, वॉचमन आहे. कोण काढणार? तू लावलीच नाहीस!"

मला कळलं होतं कोणी काढलं ते. ओरखडे बघितले त्याच क्षणी कळलं. आणि का काढलं, तेही. तिथेच बोलायला हवं होतं की शेठ, चूक माझी, मीच बाबांना म्हणालो कचरा आहे. एवढी दोन वाक्यं. पण डोळ्यांसमोर उभं राहिलं ते उपटलेलं मशीन, आणि सगुणा, माझी बायको, दारात उभी राहून विचारतेय, आता काय?

"शेठ," मी म्हणालो, "एकदा बाबांचा पाग बघा."

बंगल्याच्या मागच्या कुंपणावर पाग वाळत टाकला होता. बाबा खाली बसून त्याची कड बोटांतून सरकवत होते. जिथे जिथे जुने मणी गळाले होते तिथे दोरीभोवती शिसं दुमडून चेपलेलं. शोरूमवाल्याचं जाडंभरडं एका बाजूला, आणि माझ्या पट्ट्यांचे तुकडे दुसऱ्या बाजूला. सारख्या अंतराने, एक इकडेतिकडे नाही. ह्या कामाला नाव ठेवायला मला जागाच नव्हती.

आम्हाला बघून म्हातारा हसला. खरंच खूश होता.

"आयलास, राघो? तुझे गारीची उरलेली घाण मी कारली. चारी चाकांची. ह्यो कान्हा बोल्ला, कचरा हाय, नवे गारीला असा ठेवू नये."

शेठ माझ्याकडे वळले. "तू बोललास असं?"

बाबाही माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणेन, ह्याची त्यांना खात्री होती.

"नाही शेठ," मी म्हणालो. "मी कशाला असं बोलेन? वजनं काढा असं कुठला बॅलन्सिंगवाला सांगेल?"

थू! अजून तोंडात त्याची चव आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली घाण बोट दाखवून दाखवली, आणि स्वतःचं तोंड असं निघालं.

मग माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, बाबा लेकाला म्हणाले, "मंग माझेच डोक्यान आयला आसल. म्हातारा झालू मी. त्याला कनाला बोलतंस? पोटावर नको मारू त्याचे."

"ऐकलंस?" शेठ गेटवरच्या वॉचमनला ओरडले. "उद्यापासून म्हातारा खाडीवर जाता कामा नये. हे जाळं आज जाळून टाक." मग मला म्हणाले, "आणि तू काय बघतोस? तुझी वजनं आहेत ना? काढून घे आधी."

मी खिशातून पक्कड काढली. पाग कुंपणावर सैल लोंबत होता, दोरी हाताला येत नव्हती, पक्कड घसरत होती. तेव्हा बाबा उठले. त्यांनी पागाची कड दोन्ही हातांत धरली आणि ताणली, मला काढायला सोपं जावं म्हणून.

मी एकेक तुकडा उपटत गेलो, ते कड सरकवत गेले. माझे सगळे तुकडे निघाले. त्यांचा डिंक गेला होता, ते दुमडून चेपले होते. त्यातला एकही पुन्हा चाकाला लागणार नव्हता, आणि हे मला पहिला तुकडा उपटायच्या आधीपासून माहीत होतं.