येतो आम्ही!

परदेशी सहलीला निघतानाच बाईंनी बावीस मुलींना तंबी दिली होती, "तिथे तिथल्याच भाषेत बोलायचं. माझं नाक कापू नका!" परतीच्या सकाळी वसतिगृहातून निघताना मुलींनी स्वयंपाकीणकाकूंना त्या भाषेत एका सुरात सांगितलं, "येतो आम्ही!" बाईंना कोण अभिमान वाटला!

स्टेशनवर कळलं, गाडी उद्यावर गेली. बाईंचा पारा चढला. बॅगा ओढत सगळ्या पुन्हा वसतिगृहावर आल्या. टेबलावर तेवीस ताटल्या मांडलेल्या होत्या आणि सूप वाफाळत होतं.

"गाडीचं तुम्हाला कुणी कळवलं?" बाईंनी विचारलं.

"कसली गाडी?" काकू गोंधळल्या. "मुलीच म्हणाल्या ना, येतो म्हणून!"