काचेच्या भांड्याशेजारचं स्टूल

सुनेनं स्टूल ओढलं ते थेट काचेच्या भांड्याला खेटून, आणि सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती त्यावर बसली.

भांड्यात जड पाणी. साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं. त्यात दोन तारा, वीज चालू. बाजूला न्यूट्रॉन मोजायचं यंत्र.

टक.

"ऐकलंस?" सासरे म्हणाले. इथे, प्रयोगशाळेत, ते सासरे नव्हते, विभागप्रमुख होते. "भांड्यात केंद्रकं जुळताहेत, सूर्यात जुळतात तशी. उद्या पत्रकारांना हेच ऐकवायचंय. शोधनिबंधावर दुसरं नाव तुझं. हे घे माझं पेन, कर सही."

"दमट हवेनंही हे यंत्र टकटकतं, बाबा."

"इथे सर म्हणायचं."

"सर. जड पाण्याऐवजी साधं पाणी घालून बघितलंत एकदा तरी?"

टक.

ते तारा नीट करू लागले. तारा नीटच होत्या.

"रासायनिक क्रियेत बाहेरचे इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे होतात. आतल्या केंद्रकाच्या केसालाही धक्का लागत नाही. मग न्यूट्रॉन येणार कुठून? तुम्हीच शिकवलंत. पहिल्या वर्षाला, फळ्यावर खडू आपटून."

"शिकवलं हेच चुकलं! घरात आणली, इथे चिकटवली, आणि आता मलाच..."

टक.

"मलाच अक्कल शिकवतेस?"

"उद्या जग हसेल ते दोघांना हसेल. तुम्ही निवृत्त व्हाल. मी तोंड कुठे लपवू?"

"नसेल करायची सही तर चालती हो."

ती उठली नाही. स्टूल उलट आणखी पुढे सरकवलं. गुडघा टेबलाला लागला.

टक.

"बरं, तुमचंच खरं. निघताहेत न्यूट्रॉन. मग त्यांना अडवायला मेणाच्या विटा का नाही रचल्या? महिनाभर मी इथे बसतेय. एकटी नाही बसत." तिनं पोटावर हात ठेवला. "तुमचं नातवंड घेऊन बसतेय!"

सासऱ्यांचा आवाज क्षणात घरातला झाला.

"वेडाबाई, धोका असता तर मी बसू दिलं असतं का तुला? बाळाच्या केसालाही धक्का लागायचा नाही."

"म्हणजे विटांची गरजच नाही?" तिनं विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

सुनेनं पेनाला टोपण लावलं आणि ते त्यांच्या खिशात खोचलं.

टक.

या वेळी कुणी कुणाला "ऐकलंस?" असं विचारलं नाही.