रघूशेटच्या रूममागचा वाल

धाटाव नाक्यावरच्या टपरीत भिकू चहाचा ग्लास पुढे करून "घ्या शेट" म्हणाला, की रघूची छाती वीतभर फुगायची. भिकू चेष्टा करतोय हे रघू सोडून साऱ्या टपरीला कळत होतं.

पण शेट म्हणवून घेण्यासारखं रघूने केलं होतं खरं. रोह्याहून धाटावला जाणाऱ्या रस्त्याला त्याच्या शेताचं एक टोक लागत होतं. तिथे त्याने दोन रूम बांधल्या. वर सिमेंटचे पत्रे, दारापुढे एक पायरी आणि थोडं अंगण. कंपन्यांमुळे कुठून कुठून माणसं येत होती, त्यांना राहायला जागा हवीच होती. एका रूमचा गिलावा अजून ओला होता. दुसरीत पहिला भाडेकरू आला, हिरामण. जळगावकडचा, केमिकल कंपनीत शिफ्टला जाणारा. बरोबर बायको गिरजा आणि दोन पोरी. दर संध्याकाळी रघू काही ना काही निमित्त काढून तिकडे चक्कर मारायचा. भिंतीवरून हात फिरवायचा आणि घरी येऊन बायकोला सांगायचा, "आपली रूम बघून आलो." जशी काही ती रातोरात कुठे पळून जाणार होती.

मुळात ही जमीन त्याच्या घरात आली ती त्याच्या बापामुळे. बाप विठू हा सावकाराचं कूळ. जमीन कसायची विठूने आणि धान्य जायचं सावकाराच्या कोठारात. सावकाराच्या अंगणात टोपी हातात धरून उभं राहायचं. तो ‘बस’ म्हणाला तर खाली मातीत बसायचं, आणि तो म्हणेलच असं नाही. विठूने झोपडीमागे लावलेला वाल सावकाराने एकदा मुळासकट उपटून टाकला होता. का, तर कूळ उद्या जमिनीवर हक्क सांगेल. पुढे कुळकायदा आला आणि विठू मालक झाला. हा किस्सा निघाला की सावकाराला विठूपेक्षा रघूच जास्त शिव्या घालायचा.

त्या दिवशी चहा ओतता ओतता भिकूने काडी टाकली. "शेट, तुजा बापूस कूळ व्हता, तो मालक झाला. आता तुज्या जमिनीत हिरामण हाय. तो कोन व्हनार?"

टपरीतले हसले. रघूही हसला, पण क्षणभरच. कायदा काय असतो हे त्याने एकदाच पाहिलं होतं, आणि त्या कायद्याने मालकाची जमीन राहणाऱ्याला दिली होती. भाड्याच्या रूमला वेगळा कायदा असतो, शेताला वेगळा, हे त्याला कोण सांगणार? त्याने ग्लास तसाच ठेवला आणि तो तडक रूमकडे निघाला.

मागून कुदळीचा आवाज येत होता, म्हणून तो थेट रूमच्या मागच्या बाजूला गेला आणि जागीच थिजला. आजवर त्याने पुढच्या भिंतीच कुरवाळल्या होत्या, मागे कधी पाहिलंच नव्हतं. तिथे आळी केलेली होती. काठ्या रोवलेल्या होत्या. त्यांवर वालाचे वेल चढले होते, शेंगांनी लगडलेले. आणि रात्रपाळी करून आलेला हिरामण, बनियनवर, हातात कुदळ घेऊन माती ओढत होता. कसत होता! रघूच्या जमिनीत!

"या शेट," हिरामण हसून म्हणाला. "बघा कसा वाल आलाय."

रघूने पहिला वेल धरला आणि ओढला. मग दुसरा. काठ्या मोडल्या, आळी पायाने विस्कटली, आणि उपटलेले वेल ओढत पुढच्या अंगणात आणून टाकले. "माज्या जमिनीत कुदळ कोनी मारायला सांगितली रे तुला? रूम दिली, शेत नाय दिला!"

त्याला वाटलं होतं, हिरामण भांडेल, हक्क सांगेल. मागोमाग अंगणात आलेल्या हिरामणने कुदळ भिंतीला टेकवली आणि तो बाजूला सरकून उभा राहिला, मान खाली घालून. पोरी दाराआड गेल्या. गिरजा रडवेल्या आवाजात म्हणाली, "शेट, बी तर बाबांनीच..."

"कोनत्या बाबांनी?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. रस्त्यावरून विठू येत होता. काखेत मडकं, हातात भांबुर्डीचा पाला. वालाची पोपटी लावायची, म्हणजे मडक्यात तो पाला घालून शेंगा भाजायच्या, असं त्याने पोरींना कबूल केलं होतं. येता येता तो पोरींना हाका मारत होता.

मग त्याला ते वेल दिसले. राखेत घोळून जपलेलं त्याचं बी, उपटून मातीत पडलेलं. आणि वेल हातात घेऊन उभा असलेला रघू.

विठूने मडकं हळूच खाली ठेवलं. पायातल्या वहाणा काढल्या. डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांत धरली आणि तो अंगणात हिरामणच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"शेट," तो म्हणाला, "बी मी दिला व्हता. यांचा दोष नाय. माफी करा."

"बाबा!" रघूचा आवाज फाटला. "बाबा, मी रघू!"

"व्हय. ओळखला तुमाला."

जन्मात बापाने त्याला ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. हातातले वेल टाकावेत तर रघूची बोटं उघडेनात. म्हाताऱ्याचे पाय थरथरत होते, गुडघे कधीचेच गेलेले. पण तो हलला नाही.

"बस ना बाबा," रघू रडत म्हणाला. "पाया पडतो तुज्या, बस."

पायरी दोन पावलांवर होती. विठूने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जमिनीला हात टेकत तो बसला तो खाली, अंगणातल्या मातीत, जिथे कुळं बसायची तिथे.