मानेचं म्हणणं

दीर कसलंसं आरोग्य शिबिर करून आला आणि घरभर अक्कल पाजळू लागला. वहिनी त्याचेच शर्ट इस्त्री करत उभी होती. मान सकाळपासून आखडलेली. सोफ्यावर तंगड्या पसरून तो म्हणाला, "वहिनी, खांदे सैल सोडा. शरीर काय सांगतंय ते ऐका."

तिने पायपुसण्याकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं. जन्मात स्वतःचा पेला न विसळलेला हा बाबा! पण मान खरंच ठणकत होती. तिने इस्त्री बंद केली, सतरंजी अंथरली आणि गुडघे दुमडून उताणी पडली.

"अहो, माझा शर्ट?"

"शरीर नको म्हणतंय, भावजी."

तो चुरगळलेल्या शर्टातच धुसफुसत निघून गेला. तिने डोळेही उघडले नाहीत. श्वास संथ झाला, खांदे हळूहळू जमिनीला टेकले.