मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

ती गाडी एवढी धावली होती की नाकासमोर सोडली असती तर चंद्रावर जाऊन एव्हाना परतीला लागली असती. पण गावाची वेस म्हणाल तर तिने एकदाही ओलांडली नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी ती. बाजार, टपाल कचेरी, शाळेमागचं मैदान, रिव्हर्स शिकायची गल्ली, की पुन्हा बाजार. मीटरवरचे आकडे चारदा संपून शून्यापासून सुरू झाले होते आणि पाचवी फेरीही बरीच पुढे गेली होती. मूळचा रंग कोणता, यावर तर गावात सरळ दोन पक्ष होते.

तर ही असली गाडी आणायला पडदेवाली त्या दिवशी निघाली. खरं तर ती एकटीच जाणार होती, पण सासूबाई आधीच चपला घालून दारात उभ्या. "मी काही बोलणार नाही गं, नुसती मागे बसेन," म्हणाल्या आणि तिथून ड्रायव्हिंग स्कूल येईपर्यंत त्यांचं तोंड मिटलं नाही.

पडदेवाली म्हणजे घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घेणारी, पडदे शिवून स्वतः टांगून देणारी बाई. सगळा धंदा बसने. पडद्यांचं गाठोडं एक वेळ मांडीवर मावतं, पण पडद्याचा लांबलचक रॉड कुठे मावणार? त्या रॉडने एका गृहस्थांची टोपी खिडकीबाहेर उडवली होती, एका बाईंच्या पिशवीतल्या अंड्यांचा चेंदामेंदा केला होता. शेवटी कंडक्टरने हात जोडले. म्हणाला, "बाई, एक तर तुम्ही चढा, नाहीतर रॉड चढू दे. दोघं मिळून नको."

म्हणून गाडी. आणि ती हीच हवी होती, कारण पडदेवाली हिच्यातच शिकली होती. लायसन्सही मिळालं होतं. पण खोटं कशाला बोला, ते लायसन्स कपाटात कपड्यांच्या घडीखाली पडून होतं आणि त्यानंतर तिने कुठल्याही गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ही खरी गोम होती. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मास्तरांच्या तोंडून 'ब्रेक' निघायला आणि त्यांचा पाय ब्रेकवर जायला एकच गाठ पडायची. परीक्षेच्या दिवशी चौकात गाडी पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे अशी अलगद थांबली की मागे बसलेले तपासणारे साहेब "वा" म्हणाले. पण ती थांबवली कोणी? पडदेवालीने की शेजारी बसलेल्या मास्तरांनी? हा भुंगा तेव्हापासून तिचं डोकं पोखरत होता. आपल्याला गाडी येते की मास्तरांच्या पायाला येते, हेच तिला माहीत नव्हतं.

मास्तर आता स्कूल बंद करणार होते. गुडघे बोलायला लागले होते. भंगारवाला दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला येणार, तेवढ्यात पडदेवालीने शब्द टाकला. मास्तर हो म्हणाले, पण अट घातली.

"घरापर्यंत तुम्ही चालवायची. मी शेजारी बसणार. माझा पाय एकदाही ब्रेकवर पडला नाही, तर गाडी तुमची. पडला, तर तिथून मागे वळायचं आणि गाडी उद्या भंगारात. ज्याला माझा पाय लागतो, त्याच्या हातात मी गाडी द्यायचा नाही."

"आणि मग आम्ही घरी कसं जायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"बसने," मास्तर म्हणाले.

पडदेवालीने एकदा बसस्टॉपकडे पाहिलं. तरी ती स्टिअरिंगमागे बसली. पुढे पायांखाली तिनेच शिवलेलं कापड होतं. शिकायला लागली त्याच आठवड्यात जुनी रबरी चटई फाटलेली बघून तिने पडद्याचं जाड कापड दुपदरी शिवून आणलं होतं आणि मास्तरांनी ते या दारापासून त्या दारापर्यंत चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून असं पक्कं बसवलं होतं की ते पुन्हा कधी उचललं गेलं नाही. ते कापड बघून तिला जरा धीर आला.

किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं. मास्तरांनी पाय आखडून सीटला चिकटवले आणि दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे धरून ठेवले. माणसाने दुसऱ्याचा कुत्रा आवरावा तसे ते आपले पाय आवरून बसले होते.

"आरसा," ते म्हणाले.

"बघितला."

"मी पण बघितला," मागून सासूबाई म्हणाल्या.

बाजारात शिरल्यावर खरी गंमत सुरू झाली. गावातले अर्धे गाडीवाले मास्तरांच्या हाताखालून गेलेले. ती गाडी समोरून येताना दिसली की भल्याभल्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची. पाववाल्याने घाईघाईने पट्टा लावला. दातांचे डॉक्टर एका हाताने फोनवर बोलत चालले होते, त्यांच्या हातून फोनच गळाला. नाक्यावर एक जाडजूड ठेकेदार मास्तरांना पाहून इतका गडबडला की त्याची नवी कोरी गाडी भर चौकात बंद पडली.

"क्लच सोडायची घाई," मास्तर हळहळले. "तेव्हाही हेच करायचा."

टपाल कचेरीजवळ सासूबाई गप्प झाल्या. ही गोष्ट एवढी नवलाची की पडदेवालीने आरशात वाकून पाहिलं.

"तुमच्या सासूबाई एक दिवस आल्या होत्या माझ्याकडे शिकायला," मास्तरांनी खुलासा केला. "इथवरच पोचल्या."

"टपालपेटी मधे आली होती," सासूबाई म्हणाल्या.

"पेटी अजून आहे तिथेच आहे."

पडदेवालीला हसू आलं आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की स्टिअरिंगवरची आपली मूठ सैल झालीये. बाजार मागे पडला, गर्दीचा चौक मागे पडला. दोनदा मास्तरांचा उजवा पाय उसळला, दोनदा त्यांनी तो दाबून धरला. एकदा तर गुडघ्यावर चापटच मारली. पाय काही ब्रेकवर पडला नाही.

मग गाव संपलं. पडदेवालीचं घर टेकडीपलीकडच्या वस्तीत, आणि टेकडीपर्यंत सरळसोट मोकळा रस्ता. दोन्हीकडे शेतं, वर आभाळ, समोर चिटपाखरू नाही. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत होती. पडदेवालीने गिअरच्या मुठीकडे पाहिलं. एक, दोन आणि तीन हे आकडे इतक्या पोरांच्या तळव्यांनी घासून पार पुसून गेले होते. चार मात्र पांढराशुभ्र, कालच रंगवल्यासारखा.

"मास्तर, चौथा टाकू?"

मास्तरांनीही मुठीवरच्या त्या पांढऱ्या चाराकडे पाहिलं. मग जरा ओशाळून म्हणाले, "टाका बुवा. मला आठवत नाही कसं असतं ते."

तिने टाकला. काय सांगू तुम्हाला, लोण्यात सुरी जावी तसा गेला. आयुष्यभर बाजारात रखडलेल्या त्या गाडीला जणू आज कळलं की आपल्याला चाकं कशाला दिली आहेत. गुरगुर थांबली, सूर लागला. काचा खाली, वारा आत, सासूबाईंच्या डोक्याचा रुमाल उडून मास्तरांच्या तोंडावर. सासूबाईंनी तो ओढून काढला तर मास्तर चक्क हसत होते. मास्तर हसतात हे गावात कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पडदेवाली हसत होती, सासूबाई हसून हसून खोकत होत्या, का हसतोय हे तिघांनाही विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पाय जमिनीवर ठरत नाहीत म्हणतात ना, तशी त्या सगळ्या गाडीची अवस्था झाली होती. पडदेवालीला वाटलं, असंच पुढे जावं, घर लागलं तरी थांबू नये.

टेकडीचा चढ संपला, वळण आलं, आणि वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध एक खुर्ची होती.

हो, खुर्ची. चांगली हातांची, गादीची, चारही पायांवर नीट उभी. कुणाचं तरी बिऱ्हाड घेऊन गेलेल्या ट्रकवरून ती खाली पडली असणार. पण त्या क्षणी हा विचार कोण करतो?

"ब्रेक," मास्तर म्हणाले.

चाकं किंचाळली. सासूबाई पुढच्या सीटवर येऊन आदळल्या. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि खुर्ची यांच्यात वीतभर जागा उरली होती. धूळ खाली बसली.

पडदेवालीने शेजारी पाहिलं. मास्तरांचे दोन्ही पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होते, पार तळापर्यंत रुतलेले.

"मी दाबला," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बाई, मी खोटं बोलणार नाही. दोन्ही पायांनी दाबला."

पडदेवालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गाडी गेली म्हणून नव्हे, म्हणजे तेही होतंच, पण जास्त यासाठी की भुंगा पुन्हा डोक्यात शिरला होता. तिनेही ब्रेक दाबला होता, अगदी जिवाच्या आकांताने. पण थांबवली कोणी? आता तिला हे जन्मात कळणार नव्हतं.

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. खुर्चीही उचलून कडेला ठेवली. सासूबाई तीत ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही दाबलात हे मान्य. पण लागला का?"

"म्हणजे काय? लागणारच. दोन्ही ब्रेक खालून एका सळईने जोडलेले असतात. माझा दाबला की यांचाही खाली जातो."

"मग सूनबाईच्या पायाखालचा आपोआप खाली गेला का?"

"आई, माझा पाय आधीच तळाला होता," पडदेवाली नाक पुसत म्हणाली. "मला काय कळणार."

मास्तरांना हा आपल्या कामावरचा संशय वाटला. ते तिरीमिरीत गाडीत बसले. "बाई, तुम्ही दारातूनच नुसतं बघा. मी दाबतो, तुमच्या बाजूचा कसा खाली जातो बघा."

त्यांनी दाबला. त्यांचा ब्रेक खाली गेला. पडदेवालीच्या बाजूचा जागचा हलला नाही.

त्यांनी पुन्हा दाबला. मग दोन्ही पायांनी. मग उगाचच हाताने. पडदेवालीच्या बाजूचा ब्रेक आपला मख्खासारखा होता तसाच.

पडदेवालीने पिशवीत कायम बाळगलेली धंद्याची कात्री काढली, पट्टीखाली घालून ती उचकटली आणि स्वतःच शिवलेलं कापड टरकन वर ओढलं. खाली सळई होती. मधोमध तुटलेली, दोन्ही तुकडे गंजून तांबडेलाल.

"आत्ता तुटली," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजातला जोर मात्र गेला होता. "मी जोरात दाबली ना, आत्ताच तुटली."

पडदेवालीने कापड उलटं करून त्यांच्यासमोर धरलं. त्याच्या पाठीवर सळईच्या गंजाचा ठसा उमटला होता, जुना, दोन्ही पदरांतून मुरलेला. अर्धी सळई इकडे, अर्धी तिकडे आणि मधे हाताचा पंजा मावेल एवढं कोरं कापड. म्हणजे हे कापड पहिल्यांदा अंथरलं तेव्हाच खाली सळई तुटलेली होती. तिच्या शिकवणीच्या पहिल्या आठवड्यात. परीक्षेच्या कितीतरी आधी.

चौकातली ती पांढरी पट्टी पडदेवालीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मी थांबवली होती, तिला वाटलं, आणि मग ते तिने मोठ्याने म्हणूनही टाकलं. "मी थांबवली होती. आई, मीच थांबवली होती." तिने सासूबाईंना खुर्चीसकट मिठी मारली. खुर्ची कलंडता कलंडता वाचली.

मास्तर मात्र तसेच बसून होते, एक पाय त्या निकामी ब्रेकवर ठेवून. त्यांनी शिकवून रस्त्यावर सोडलेला तो पाववाला, ते डॉक्टर, तो ठेकेदार, सगळे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत.

"म्हणजे इतकी वर्षं," ते म्हणाले, "मी नुसता हवेत पाय मारत होतो. सगळी आपली आपणच थांबत होती."

पडदेवालीला एकदम फार वाईट वाटलं. ती दाराशी वाकली. "मास्तर, तुम्ही शेजारी नसता तर मी किल्लीसुद्धा फिरवली नसती. तुमच्याशिवाय मला वेळेवर 'ब्रेक' म्हणून कुणी सांगितलं असतं का?"

"आणि मी सांगते," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "माझ्या वेळी सळई धड असणार. तुम्ही दाबला असणार, तरी मी टपालपेटीवर आदळलेच. तेव्हा त्या ब्रेकचं काही फार मनावर घेऊ नका."

मास्तरांच्या ओठांचे कोपरे हलले. तेवढ्यात ट्रकवाला खुर्ची शोधत उलटा आला आणि "आजी, उठता का जरा?" म्हणाला. सासूबाई मोठ्या नाराजीने उठल्या.

तिघं पुन्हा गाडीत बसली. पडदेवालीने विचारलं, "मागे वळू?"

"कशाला?" मास्तर म्हणाले. "माझा पाय ब्रेकवर पडलाच नाही. तो ब्रेकच नव्हता." मग त्यांनी बूट काढले, डॅशबोर्डखाली आयुष्य घालवलेले ते दोन पाय वर घेतले आणि सीटवर मस्त मांडी घातली.

"मास्तर, पट्टा," पडदेवाली म्हणाली.

त्यांनी निमूट लावला. तिने आरसा पाहिला, एक, दोन, तीन केलं आणि पुन्हा तो कोरा चौथा टाकला. उतारावरून वस्तीतली घरं दिसायला लागली. सासूबाई मागून काही सांगत होत्या, मास्तर हं हं करत होते, मग त्यांचं हं हं थांबलं. पडदेवालीने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. उभ्या जन्मात शिकाऊ माणसाशेजारी बसून मास्तरांचा डोळा लागला नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी तिने तिसरा घेतला, मग दुसरा. दारापुढे आल्यावर ब्रेक इतका हळू दाबला की मास्तर जागे झाले नाहीत.