हाजा झाफरानची जागा

माझी आई पहाटे गेली, आणि त्याच दिवशी गावात गुलामी संपल्याचा दिवस साजरा व्हायचा होता. "जायला दिवसही बरा निवडला म्हातारीनं," असं म्हणून माझ्या भावानं, बिलगासमनं, डोळे पुसले आणि कुदळ-फावडं उचललं. आमच्या जेर्बा बेटावर मढं रात्रभर ठेवत नाहीत. दुपारच्या नमाजानंतर माती द्यायची. प्रश्न एवढाच होता, की कुठल्या मातीत.

गावात कब्रस्तानं दोन. एक फरहूनांचं, म्हणजे गावातल्या सगळ्यात मातब्बर गोऱ्या घराण्याचं, आणि त्यांच्या बरोबरीच्या घरांचं, पांढऱ्या भिंतीचं, जैतुनांच्या सावलीतलं. दुसरं खाऱ्या तळ्याच्या काठाला. त्याला सगळे गुलामांचं कब्रस्तान म्हणतात. पाहुण्याला पत्ता सांगतानाही बिनदिक्कत सांगतात, गुलामांपासून डावीकडे वळा. कायद्यानं गुलामी जाऊन पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी आम्हा काळ्यांचं माणूस मेलं की तिकडेच न्यायचं. आणि दोन्हीकडच्या कबरी खणायच्या कुणी? माझ्या भावानं. फरहूनांचा कर्ता हाज शादली, त्याच्या आईबापांच्याही त्यानंच खणल्या.

आईनं एकच सांगून ठेवलं होतं. "मला तळ्याकडं नका टाकू गं यमना. पाऊस झाला की तिथं खालून पाणी येतं. जन्मभर लोकांची धुणी धुतली, आता तरी कोरडी राहू दे मला."

आम्ही बायका तिला अंघोळ घालत होतो तेवढ्यात हाज शादलीचा निरोप आला. दाईचं, म्हणजे आईचं, कळलं, फार वाईट वाटलं, तळ्याकडची जागा साफ करून घ्या, कफनाचं मी बघतो. माझं डोकंच फिरलं. कफन होतं आमच्याकडे. आईनं ते स्वतः मक्केहून आणलं होतं, तिथल्या झमझमच्या पवित्र विहिरीच्या पाण्यात बुडवून, वाळवून, घडी घालून.

हाज कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणे संस्कृती भवनात, व्याख्यानाला. तिथं बोलावणं मलाही होतं. बोलायला नव्हे हो, पाहुण्यांचा कुसकूस रांधायला! शेजारणी म्हणाल्या, मढं घरात टाकून कुठे निघालीस? म्हटलं, मढ्याच्याच कामाला चाललेय. आणि ओल्या हातांनी तशीच निघाले.

सभागृह गच्च भरलं होतं. मंचावर हाज शादली, मशिदीचे शेख, आणि राजधानीहून व्याख्यान द्यायला आलेली डॉक्टर इनास. पोरगी आमच्याच रंगाची, तरतरीत, कपाळाला आठी. भिंतीवर फलक होता, मुक्तीचा वारसा आणि आजचा न्याय. हाजचं भाषण रंगात आलं होतं.

"आमच्या गावात कधी भेदच नव्हता," तो सांगत होता. "माझ्या आईला दूध नव्हतं. दाई झाफराननं मला पाजलं, तिच्या बिलगासमच्या बरोबरीनं. दोन वर्षं! मी कधी विसरलो का? तिला मक्केला घेऊन गेलो मी, माझ्या खर्चानं. आज पहाटे ती गेली. तिच्या आठवणीसाठी मी एक जाहीर करतो. तळ्याकडच्या कब्रस्तानाचं ते वाईट नाव आजपासून पुसून टाकायचं. मुक्तांचं कब्रस्तान म्हणायचं. संगमरवरी पाटी मी देतो."

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचा एक आमचाच म्हातारा टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे बघून थांबला.

"पाटीखालून पाणी यायचं थांबेल का हाज?" मी मागूनच विचारलं.

माना वळल्या. कुणीतरी म्हणालं, बसून घ्या, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत. डॉक्टर इनास म्हणाली, "बोलू द्या त्यांना. हा विषय त्यांचाच आहे."

मी पुढे गेले. "हाज, तुम्ही आईला मक्केला नेलंत. तेव्हा बाईमाणसाला एकटीला जाता येत होतं का?"

"नव्हतं," हाज म्हणाला. "म्हणून तर मी नेलं."

"मेहरम लागायचा ना बरोबर? नवरा, नाहीतर ज्याच्याशी निकाह लागूच शकत नाही असा घरचा पुरुष. आईचा मेहरम कोण होता?"

"मीच होतो. सगळ्यांना माहीत आहे."

"तुम्ही तिचे कोण?"

हाज हसला. "अगं, आत्ताच तर सांगितलं. तिचं दूध प्यालोय मी."

"दूध प्यालेल्याला धर्मात काय म्हणतात? शेखसाहेब, तुम्ही सांगा."

शेखांनी दाढीवरून हात फिरवला आणि हळूच काहीतरी म्हटलं.

"ऐकू नाही आलं. माईकमध्ये सांगा."

"मुलगा," शेख म्हणाले. "दुधाचा मुलगा. आणि तिची लेकरं त्याची भावंडं."

आता हाज हसत नव्हता. मला मात्र थांबवेना. "मक्केत कागद तपासणाऱ्या साहेबांसमोर तुम्ही मुलगा झालात, कारण तुमच्या आजारी बायकोचे पाय चेपायला कुणीतरी हवं होतं. तेच फेरे तिनं घातले, सैतानाला तेच खडे मारले. परत आल्यावर गावानं तुम्हाला हाज म्हटलं. तिला हाजा कुणी म्हटलं? तुम्ही म्हटलंत? ती आपली दाईच राहिली. आणि आज तुमच्या आईला तुम्ही पाण्यात पुरायला निघालात, वर पाटी लावून."

"यमना, आज तुझ्यावर दुःखाचा डोंगर कोसळलाय, मी समजू शकतो," हाज म्हणाला. "पण जुन्या गोष्टी अशा एका दिवसात बदलत नाहीत. आपण समिती नेमू. पुढच्या महिन्यात बसून..."

"शादली," मी म्हटलं.

त्याला असं नुसत्या नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं.

"शादली, आजवर तुला अहो-जाहो केलं, चूक झाली माझी. भावाला कुणी अहो-जाहो करतं का? आई गेलीय आपली. ती काही समितीसाठी थांबायची नाही. बिलगासम सकाळपासून खणतोय."

"कुठे खणतोय?" त्यानं विचारलं.

"फरहूनांच्यात. येऊन बघ."

तो ताडकन उठला. मी घरी गेले. नमाज झाला, आमच्या पोरांनी जनाजा उचलला, आणि मागे बघते तर अख्खं सभागृह रस्त्यावर आलेलं. आमचे होते, त्यांचे होते, डॉक्टर इनास होती. एक जण मला म्हणाला, बायकांनी कबरीपर्यंत येऊ नये. म्हटलं, तुमच्या बायकांना सांगा, त्या ऐकतील.

पांढऱ्या भिंतीच्या दारात हाजचे दोन पुतणे आडवे उभे होते, आणि त्यांच्या मागे, नुकताच नमाजावरून आलेला, तो स्वतः.

"ही जागा फरहूनांची आहे," थोरला पुतण्या म्हणाला. "तुम्ही आमचे कोण?"

"तुझ्या चुलत्याला विचार," मी म्हटलं. "शादली, मी तुझी बहीण नाही असं म्हण. ही तुझी आई नाही असं म्हण. तिच्या मढ्यासमोर, शेखांसमोर मोठ्यानं म्हण. आम्ही इथूनच माघारी फिरतो."

मी खरंच फिरले असते. आईला त्या चिखलात घातलं असतं आणि याचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. पण त्याला म्हणता येईना. नाही म्हणावं तर मक्केत खोटं बोलला होता, परक्या बाईचा मेहरम होऊन हज करून आला होता. हो म्हणावं तर जीभ वळत नव्हती. त्यानं खाली बघितलं आणि पुतण्याच्या खांद्याला धरून त्याला बाजूला ओढलं. तेवढी जागा जनाज्याला पुरली.

बिलगासम छातीइतक्या खड्ड्यात उभा होता, घामानं निथळत. हाज काठावर आला आणि दोन्हीकडच्या कबरी बघू लागला. एका बाजूला त्याची आई, दुसऱ्या बाजूला बाप. मधली ती जागा त्यानं स्वतःसाठी राखली होती, चार दगड मांडून. दगड नीट उचलून बाजूला ठेवले होते.

"बिलगासम," तो हळू आवाजात म्हणाला, "ही माझी जागा आहे. मी कुठे जाऊ मग?"

"आमच्याकडे ये की," बिलगासम खालून म्हणाला. "तळ्याकडं जागा भरपूर आहे. आता तर पाटीपण लागणार."

कुणी हसलं नाही. हाजनं जोडे काढले, बाह्या वर केल्या आणि खाली उतरला. बिलगासमनं आईचे पाय घेतले, त्यानं डोकं घेतलं. आणि धरलं त्यानं नीट. शेखांनी दुआत घ्यायला नाव विचारलं, तेव्हा तोच बोलला. "हाजा झाफरान."

परतताना डॉक्टर इनास म्हणाली, यमनाताई, त्यांचे आभार मानायला हवेत. मी मानले नाहीत. आईला पुरलं म्हणून मुलाचे आभार कुठे मानतात?