काढून टाकलेला लाल रंग

मी एक जुना कंट्रोलर आहे, मित्रांनो. पोलादपूरकडच्या कापडे गावात रावजींनी पाहुण्यांसाठी पोहण्याचा तलाव बांधला आणि पंपाच्या खोलीत मला भिंतीवर ठोकलं. पंप फिरतोय का, पाण्यात क्लोरीन आणि आम्ल किती पडतंय, यावर मी लक्ष ठेवतो. जीव मुठीत धरूनच ठेवतो, कारण ही दोन औषधं साचून एकत्र आली की विषारी वायू होतो.

रावजींची लेक निशिगंधा मुंबईत प्रोग्रॅम लिहिते. तिने माझ्यासाठीही एक लिहिला. तो सारखा मला विचारी, "काय स्थिती?" मी उत्तर देई आणि दोघांच्या मोबाइलवर हिरवा रंग दिसे. गावभर माझं कोण कौतुक! पण आमच्या खोऱ्यात नेटवर्कचा काय भरवसा? ते गेलं की मोबाइल लाल व्हायचा.

"लाल दिसला की छातीत धडधडतं गो. तो काढून टाक," रावजी म्हणाले. बापाच्या मायेपोटी तिने काढला. मग माझं उत्तर आलं नाही, तरी जुनंच हिरवं उत्तर दिसत राही.

मे महिन्यात निशिगंधाची मुलगी दर्शना आजोळी आली. एका दुपारी ढग गडगडले. आमच्याकडे वीज कडाडली की प्लग उपटायची रीत आहे. गडी भरतने पंपाचा आणि इंटरनेटच्या डब्याचा प्लग उपटला. औषधांच्या मोटारी आणि मी मात्र वायरमनने प्लगशिवाय थेट विजेच्या लाइनला जोडलेले. मोटारी चालूच राहिल्या आणि तलावात पाणी सोडणाऱ्या नळीत दोन्ही औषधं साचू लागली. त्यांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मी घाबरून सांगत होतो, पण विचारणारंच कुणी नव्हतं.

आभाळ उघडलं. दर्शना पाण्यात उतरली, ती नेमकी नळीच्या तोंडाशी. भरत प्लग घेऊन खाली वाकला. पंप सुरू झाला की ते सगळं विष पोरीच्या तोंडावर येणार होतं.

खोलीच्या दारात रावजी मोबाइलचा स्पीकर लावून लेकीशी बोलत होते. "इजा लय कडाडल्या गो. भरतान सगळं उपटलान व्हतं, आता लावतोय. दर्शना पान्यात खेळतेय."

"उपटलं होतं? मग मला इथे हिरवं कसं दिसतंय?" आणि ती किंचाळली, "हे जुनंच उत्तर आहे! औषधं नळीत साचली असतील. आबा, पंप लावू देऊ नका! दर्शनाला आधी बाहेर काढा!"

भरतचा हात जागीच थबकला. रावजी धोतर सावरत धावले.

पोर वाचली. मोटारींची जोडणी बदलली. आता मी गप्प झालो की लाल अक्षरांत 'उत्तर नाही' असं येतं. मित्रांनो, आम्हा यंत्रांची काळजी घ्या म्हणजे काय, तर आमच्या गप्प बसण्याला 'सगळं ठीक' समजू नका.

लाल दिसला की रावजींच्या छातीत आजही धडधडतं. पण ते उठतात आणि मला बघायला येतात.